पारोसं डोकं

माझी धाकटी जाऊ इथे सिंगापुरातच, सेंगकांगला राहते आणि मी तिच्यावर जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिचा नवा फ्लॅट, तिची नोकरी, यातलं मला काही नको होतं. मला तिचे केस खुपत होते.

खरं तर आमच्या दोघींचे केस सारखेच. साधे कुरळे नव्हेत, बारीक स्प्रिंगा, कंगव्याचे दात मोडणाऱ्या. सासूबाई म्हणायच्या, "दोन्ही सुना शोधून शोधून आणल्यात." सिंगापूरच्या दमट हवेत तर ते आणखीनच फुगतात. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं हेच केस माझ्याकडून उचलले.

मग जाऊबाईंनी टेक्स्चरायझर करून घेतलं. वेटोळी सैल होऊन खांद्यावर रुळायला लागली. लेक वेडीच झाली. "काकूज हेअर सेम लाइक मी, बट सो नाइस लाह!" मी त्यातलं फक्त 'सो नाइस' ऐकलं. दर शनिवारी ही कंगवा घेऊन काकूपुढे. तिच्याकडून गुपचूप वेणी घालून घ्यायची आणि माझा हात लागला की किंचाळायची. माझ्या पोटात दुखणार नाही तर काय!

जावेनं अर्धं केलंय ना, मग मी पूर्ण करणार. क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकखालच्या सलूनवालीनं समजावलं, औषध जवळपास तेच. टेक्स्चरायझर थोडाच वेळ ठेवतात, कुरळेपणा सैल होतो पण राहतो. रिलॅक्सर जास्त वेळ ठेवून केस सरळच करतात. "फॉर यू, टेक्स्चरायझर इनफ," ती म्हणाली. मी म्हटलं, "रिलॅक्सर." येण्याआधी दोन-तीन दिवस डोकं धुऊ नका, चोळू नका, टाळूवरचं तेल गेलं की औषध भाजतं, असं तिनं दोनदा बजावलं.

पण पारोशा डोक्यानं परक्या बाईपुढे बसायचं? आईनं असलं वळण लावलं नव्हतं. त्या सकाळी मी शिकेकाईनं टाळू खसाखसा चोळून न्हाले. सलूनवालीनं विचारलं तेव्हा धुतलं नाही म्हणून सांगितलं.

औषध लावल्यावर पाचच मिनिटांत डोक्याची आग व्हायला लागली.

"बर्निंग? टेल मी, आय वॉश."

"नो," मी म्हणाले. जळत तर मी कित्येक महिने होते, त्यात आणखी थोडं. तेव्हाच धुतलं असतं तर जावेसारखंच अर्धवट राहिलं असतं.

शनिवारी सेंगकांगला गेलो. केस पट्टीनं आखल्यासारखे सरळ, कानामागे दोन खपल्या. जाऊ म्हणाली, "वहिनी, किती छान दिसताय!" ते मनापासून म्हणाली, त्याचाच मला जास्त राग आला. लेकीनं माझी एक बट बोटांत धरली, पाहिली, सोडून दिली.

"नाइस, मम्मी. बट नाऊ ओन्ली काकू सेम लाइक मी."

मग कंगवा घेऊन ती काकूपुढे पाठ करून बसली. वेणी होईपर्यंत मी केस पुढे ओढून कान झाकत राहिले.