टेबलावरची हुशार पोरगी

"म्हण की गं! मूग गिळलेस काय? साहेब ताटकळलेत! म्हण एकोणतीसचा!"

गुरुजी ओरडत होते आणि मी त्यांच्या टेबलावर उभी. मला टेबलावर चढवायची आमच्या शाळेची रीतच होती. जिल्ह्याचा साहेब येवो, पुढारी येवो, नाहीतर गुरुजींचा साडू चहाला येवो, हाक एकच: "विहाराजवळच्या त्या पोरीला आणा रे." मी चढायची. एकोणतीसचा पाढा आधी सुलटा, मग उलटा. टाळ्या. उतर खाली.

गावाचं नाव सांगत नाही. बेल्ह्याच्या बाजाराला जाताना लागतं, एवढंच. सांगितलं तर टेम्पो भरून भांडायला येतील.

पाढ्यांचं म्हणाल, तर मी ते आईच्या पोटातच म्हणत होते असं आमची आत्या सांगायची. थोडं खोटं असेल. तिसाचा बाहेर आल्यावर पाठ केला असेल. माझा आवाज ऐकून बाजाराला निघालेले बैल रस्त्यात थबकायचे, व्यापारी शेपट्या पिळून दमायचे. एका म्हशीनं खिडकीतून मान डोलावलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय. पाहुणेही मान डोलवायचे. पण म्हशीनं कधी विचारलं नाही, "कुणाची गं तू?" पाहुणे विचारायचे. मी सांगितलं की मान थांबायची.

तर एवढी हुशार पोरगी. आता तिला शिकवायला नको? गंमत इथंच आहे.

चौथीला शिष्यवृत्तीचा जादा तास सुरू झाला. शाळेत नाही, नानांच्या बंगल्यात. नाना शाळा समितीचे अध्यक्ष, गावची निम्मी बागायत त्यांची. संध्याकाळी हॉलमध्ये फळा लागायचा, पंखा चालायचा, त्यांच्या भावकीतली पोरं सतरंजीवर बसायची. मी विचारलं, "गुरुजी, मी येऊ?"

गुरुजी हसले. "तुला कशाला? तू मुळातच हुशार."

तरी गेले. नानांच्या घरातल्या काकू दारातच आडव्या आल्या. बोलायला लई गोड बाई. "बस की हितं पायरीवर. तुला भायरनंबी समजंल. तुझं डोकं लई तेज हाय बाय." एवढी स्तुती केली आणि दार लावून घेतलं. म्हणे, डास येतात. डास आत गेलेच. बाहेर राहिले ती मी.

गणित कानानं शिकता येतं. मी शिकले. पण बुद्धिमत्तेच्या पेपरात आकृत्या असतात. आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा. आतून गुरुजींचा आवाज यायचा, "हे बघा, हे असं वळलं की हे असं होतं." पोरं म्हणायची, "होऽऽ." काय वळलं? कुणीकडं वळलं? मी पायरीवर बसून माझीच मान वळवायची. एकदा इतकी वळवली की स्वतःची वेणी समोरून दिसली. आकृती काही दिसली नाही.

असं कितीतरी दिवस चाललं. मग हे साहेब आले आणि मला पुन्हा टेबलावर चढवलं. वरून सगळं स्वच्छ दिसतं. खाली सतरंजीवाली पोरं. खुर्चीत नाना. चहाची बशी. मला बघायला वर चढवतात. शिकवायला आत घेत नाहीत. नऊ वर्षांच्या डोक्यात हे एकदम शिरलं आणि तोंड मिटलं. गुरुजी ओरडायचे तेवढे ओरडले. मी एवढंच म्हटलं, "मला आत बसवा. मग म्हणते."

"आत म्हणजे कुठं?" साहेबांनी विचारलं.

नाना चहात काहीतरी शोधत होते. मग गुरुजी साहेबांकडं वळून हळूच म्हणाले, "ह्यांचं पाठांतर असतं साहेब. बुद्धी वेगळी."

टेबलावर मी एकटीच होते. गुरुजींनी 'ह्यांचं' म्हणून अख्खी वस्ती माझ्या शेजारी उभी केली.

परीक्षा दिली. गणित सुटलं, आकृत्या अंदाजानं ठोकल्या. नाव लागलं नाही. नानांच्या नातवाचा फ्लेक्स लागला, एवढा मोठा की त्याच्यामागं शिवनेरी झाकला गेला. मला पुन्हा कुणी टेबलावर चढवलं नाही. पुढं दहावी, लग्न. आता टोमॅटोच्या शेडवर क्रेट भरते. तिथं उलटा पाढा म्हटला तरी टोमॅटो मान डोलवत नाहीत.

माझी पोरगी आता त्याच शाळेत चौथीला आहे. माझ्या चौपट हुशार, आणि यात एक थेंब खोटं नाही. जादा तास अजून बंगल्यातच. फळ्याच्या जागी मोठा टीव्ही आलाय, बाकी काही आलेलं नाही. परवा नवे सर म्हणाले, "ताई, उद्या पाहुणे येणार आहेत. हिला चांगला फ्रॉक घाला. पाढ्यांचा व्हिडिओ काढायचाय."

मला कसलीही आशा नाही. बंगल्याचं दार उघडेल असं वाटत नाही. तरी बोलले.

"सर, ती टेबलावर चढणार न्हाई. पायरीवरबी बसणार न्हाई. तास शाळेत घ्या, सगळ्या पोरांना दिसंल असा घ्या, मग ती बसंल. तवर तिच्या तोंडून एक आकडा निघायचा न्हाई. मी तिला तसं सांगितलंय."

सरांनी मोबाइलमधून मान वर केली नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग दुसरी कुणी बघतो."