सेल उतरलेला आवाज

वर्ध्याच्या स्टेशनावर बाबांनी माझी बॅग पुण्याच्या गाडीत चढवली, सीटखाली नीट सरकवली, खाली उतरले आणि गाडी हलता हलता खिडकीशी तोंड आणून म्हणाले, "निमे, तिथं गाऊ नोको." जपून राहजो नाही, पोचल्यावर चिठ्ठी टाकजो नाही. गाऊ नोको! बॅगेत चार ड्रेस, नोकरीचं पत्र आणि टॉवेलात गुंडाळलेल्या बत्तीस कॅसेटी होत्या. मी मनात म्हटलं, गाईन. अशी गाईन की तुम्हाला ऐकावंच लागेल.

वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच तिथून उठून पुण्याला, नागपूरला, कुठं कुठं गेलेल्यांनो, तुम्हा सगळ्यांना वाटतं मी नोकरीसाठी गेले. नोकरी तर वर्ध्यातही होती. मी रागानं गेले. हे आज इतक्या वर्षांनी सांगतेय, कारण आता हिशोब पुरता झाला आहे.

माझा आवाज जाड. लहानपणापासून. शाळेत प्रार्थनेला बाई मला पोरांच्या रांगेत उभं करायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट त्यामुळेच एक छंद लागला. मला उलटीपालटी गाणी आवडायची. म्हणजे बाप्याचं गाणं बाईनं म्हटलेलं, बाईचं गाणं बाप्यानं. बाजारातल्या रेकॉर्डिंगच्या दुकानात कागदावर यादी नेऊन दिली की तो आपल्याला कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. मी एका बाजूला मूळ गाणं भरून घ्यायची आणि दुसऱ्या बाजूला त्याचंच भलतं रूप. स्वस्तातल्या कॅसेटींवर भलत्याच गायकांनी म्हटलेली गाणी असायची. लोक फसले म्हणून शिव्या द्यायचे, मी शोधून शोधून घ्यायची. एका लग्नात बॅन्डवाल्यांनी बाळाला झोपवायचं गाणं ट्रम्पेटवर असं जोरात वाजवलं की नवरदेवाचे दोस्त रस्त्यात लोळून नाचले. आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ एका अंगविक्षेपाच्या नाचगाण्याच्या चालीवर मारुतीचं भजन म्हणायचं, आणि पांढऱ्या मिशांचे आजोबा डोळे मिटून टाळ कुटायचे. मी टेप नेऊन तेही भरून आणलं. गाणं एकाच गळ्याच्या मालकीचं नसतं, हे मला त्या बत्तीस कॅसेटींनी शिकवलं.

मग सेलूचे लोक मला बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याचे मामा. मामांचं सेलूत कापडाचं दुकान, घरात शब्द त्यांचाच. पोहे झाले, चहा झाला, मामा म्हणाले, "गाणं येते म्हन्ते पोरीले. म्हन एखादं." मी माझं सगळ्यात आवडतं म्हटलं. मूळ बाईचं, एकदम वरच्या पट्टीतलं. मी माझ्या खालच्या पट्टीत घेतलं, सावकाश. पहिलं कडवं संपलं नाही तोच मामा हात वर करून म्हणाले, "अरे बाप्पा! टेपचे सेल उतरले का जी?"

सेल उतरले की टेप असाच जाड, संथ गातो. अख्खी बैठक हसली. त्यांचं मला काही नाही. हसणारे हसतात. पण बाबा हसले. माझ्या शेजारी, सतरंजीवर बसलेले माझे बाबा, मांडीवर थाप मारून हसले. मी तिथंच थांबले. बाकीची कडवी घशात राहिली.

चार दिवसांनी निरोप आला, पोरीचा आवाज बाप्यावानी हाय, आमाले नाई जमत. निरोप नुसता आमच्या घरी आला असता तरी चाललं असतं. तो अख्ख्या नात्यात फिरला. गल्लीतली पोरं मागून ओरडायची, "निमाताई, सेल बदल!" पुढची दोन स्थळं तर दारातूनच परत गेली. आई म्हणायची, "काऊन मनाले लावून घेतं, लोकायचं तोंड थोडी धरता येते." आई, लोकांचं सोड गं. घरातल्या तोंडाचं काय?

पुण्यात मी डेटा एंट्रीच्या नोकरीला लागले. खोलीत आम्ही तिघी. मी 'का'ला 'काऊन' म्हटलं की दोघी खो खो हसायच्या. दोन महिन्यांत माझं 'मले'चं 'मला' झालं, सहा महिन्यांत 'करून राह्यली'चं 'करतेय'. जीभ बदलली, राग तेवढाच राहिला. मामांचा चेहरा आठवला की कीबोर्डवर बोटं जोरात पडायची. दर रविवारी कपडे धुताना मी त्याच बायकी गाण्यांना माझ्या जाड आवाजात झोडून काढायची.

कोल्हापूरची सुजाता, माझी रूममेट, एका रविवारी ते ऐकून मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. ती हसली नाही. म्हणाली, "चल, तुला एक ठिकाणी नेते." तिच्या ओळखीचा एक छोटा स्टुडिओ होता, तिथं सणासुदीच्या भक्तिगीतांच्या कॅसेटी निघायच्या. त्यांना सकाळच्या भूपाळ्या करायच्या होत्या. भूपाळ्या बहुतेक बाप्ये म्हणतात. स्टुडिओवाल्यांनी माझा एक टेक घेतला आणि म्हणाले, "हाच आवाज पाहिजे. अंगणात सडा टाकता टाकता म्हटल्यासारखा." कॅसेटच्या कव्हरवर माझं नाव नव्हतं, 'आणि सहकारी' एवढंच. मला ते बरंच वाटलं. माझ्या डोक्यात काय शिजत होतं ते मलाच ठाऊक.

मी एक कॅसेट पार्सल केली. सेलूला, मामांच्या दुकानाच्या पत्त्यावर. पाठवणाऱ्याचं नाव नाही, नुसतं 'सप्रेम भेट'. दुकानदार माणूस शटर उघडलं की आधी देवाचं काहीतरी लावतो, त्याशिवाय बोहनी करत नाही, हे मला माहीत होतं. आमचं स्वतःचं किराणा दुकान. मावसबहीण सेलूला दिलेली, तिला मी सहज विचारल्यासारखं फोनवर विचारलं. ती म्हणाली, "अवं, रोज सकाळी उदबत्ती लावते अन् तेच कॅसेट वाजवते तो माणूस. रस्त्यावरचे लोकं उभे राहून आयकते."

काय सांगू तुम्हाला मला काय झालं! मी खोलीत एकटीच नाचले. मला तेव्हाच फोन करता आला असता. मी केला नाही. म्हटलं, मुरू दे. आणखी सवय लागू दे. पुरती दोन वर्षं मी त्या माणसाला माझ्या आवाजावर दुकान उघडू दिलं. इकडे ऑफिसला जाताना बसमध्ये मामांना ऐकवायचं वाक्य तयार करायची. एक शब्द घालायची, एक काढायची.

मग एका सकाळी दहा वाजता लावला फोन. मागून माझीच भूपाळी ऐकू येत होती.

"मामाजी, गाणं चांगलं हाय. कोन म्हन्ते?" किती वर्षांनी माझ्या तोंडून आपोआप वऱ्हाडी निघाली.

"कव्हरावर नाव नाई लिहेल बाप्पा. पन गळा पाहा कसा हाय!"

"सेल उतरलेला गळा हाय, मामाजी. तुमीच म्हटलं होतं. नालवाडीत, पोहे खाऊन."

मला वाटलं, आता हा माणूस चाचरणार, फोन आपटणार. मामा शांतपणे म्हणाले, "मले मालूम हाय, पोरी. गेल्या दिवाळीत तुवा बाप आलता. दिवाळीचं कापड न्यायले आलता. दारातच थबकला. भर गिऱ्हाइकीत म्हने, हे माही पोरगी गाऊन राह्यली. अन् कापड न घेताच गेला निंघून." मग म्हणाले, "म्या कॅसेट बंद नाई केली. चुकलंच होतं मायं."

मी फोन ठेवला. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? माझा संताप संताप झाला. दोन वर्षं घासून तयार केलेलं वाक्य, आणि बाबांनी आधीच जाऊन तिथं काम उरकून टाकलेलं! माझा बदलाही त्यांनीच घेतला, आणि मला सांगितलंही नाही. हसताना विचारलं नव्हतं, आता हेही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी रजा टाकून नालवाडीला गेले. दुपारची जेवणं झाली. त्याच बैठकीत, त्याच सतरंजीवर मी बाबांना बसवलं. आईला म्हटलं, तूही बस. "आता कोनी उठाचं नाई," म्हटलं आणि तेच गाणं सुरू केलं, माझ्या पट्टीत. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं. बाबा खाली बघत होते, सतरंजीचे दोरे ओढत होते. संपल्यावर म्हणाले, "अजून एक म्हन."

"नाई," मी म्हटलं. "आता तुमी म्हना. तेच."

"मले कुठं येते वो."

"म्हना, बाबा."

जन्मात कधी न गायलेल्या माझ्या बाबांनी गळा खाकरला आणि म्हणायला लागले. तोच जाड आवाज. माझाच. सूर कुठल्या कुठं, पण शब्द सगळे पाठ, त्या दिवशी मी न म्हटलेल्या कडव्यांचेसुद्धा. आई आ वासून बघत राहिली.

आणि मी हसले. मांडीवर थाप मारून, त्या दिवशी ते हसले होते तेवढंच. इतकी वर्षं राखून ठेवलेलं हसू मी त्यांच्या तोंडावर हसून घेतलं, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

पण बाबा थांबले नाहीत. मी थांबले होते, ते नाही थांबले. कान लाल झाले, आवाज फाटला, तरी तिन्ही कडवी म्हणून मगच पाणी मागितलं. पाणी द्यायला मीच उठले.

बाबांचं ते गाणं मी तेव्हाच मोबाईलवर भरून घेतलं आहे. गाणी मी सगळ्यांना देते, मागाल ती देते, बत्तीसच्या बत्तीस कॅसेटी देते. पुण्यात कुणी विचारलं, तुझं घर कुठं, की आता मी नालवाडी म्हणते, आणि मग खोलीवर येऊन ते एकदा लावते. तेवढं एक मात्र मागू नका. ते मिळायचं नाही.