कंप्लेंट कुणी क्लोज करायची?

“मॅडम, त्या कंप्लेंटचं आता डोक्यातनं काढा. मी क्लोज केलीया ती,” आप्पासाहेब म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

मी फाइल उघडलीसुद्धा नाही. “आप्पासाहेब, आत्ताच पुण्याचा फोन येऊन गेला. आपल्या कास्टिंगमध्ये परत ब्लोहोल सापडलेत. कंप्लेंट ओपन झाली.”

“आँ? मग परवा उत्तर कशाला पाठवलं आपण?”

हे नव्वदच्या दशकातलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी बघत होते आणि आप्पासाहेब तिचे मालक. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं. ते थंड झालं, की साचा फोडून जो भाग निघतो तो कास्टिंग. साच्यात कुठं ओलावा राहिला तर त्याची वाफ होते आणि वाफेचा बुडबुडा लोखंडात अडकतो. तोच ब्लोहोल. भाकरी फुगावी तसा प्रकार, पण भाकरीचं फुगणं दिसतं तरी. हे भोक कातडीखाली लपून बसतं. वरून कास्टिंग कसं गुळगुळीत. पुण्याच्या ट्रॅक्टर कारखान्यात ते मशीनवर घासलं, की भोक उघडं पडायचं आणि शिव्या मला खाव्या लागायच्या.

आता ‘क्लोज’चं सांगते. दुकान आपण बंद केलं की बंद होतं. कंप्लेंटचं तसं नसतं. चूक कशामुळं झाली ते आधी सापडलं पाहिजे. ते कारण मुळापासून काढलं पाहिजे. त्यानंतरचा माल स्वच्छ गेला पाहिजे. मग ज्यानं तक्रार केली तो माणूस म्हणतो, क्लोज. ज्याच्यावर तक्रार आहे त्यानं तो शब्द तोंडातच घ्यायचा नसतो. आमच्याकडं सगळा उलटा कारभार. ‘संबंधित कामगारास समज दिली आहे, कंप्लेंट क्लोज’ असं लिहून पाठवायचं आणि चहा मागवायचा.

चार दिवसांनी पुण्याहून देशपांडे साहेब स्वतः आले. त्यांच्या कारखान्यात आमच्यासारख्या फाउंड्र्यांचा माल तेच तपासायचे. चहाला हातही लावला नाही.

“यापुढं एका जरी लॉटमध्ये ब्लोहोल निघाला, तर हा पार्ट आम्ही दुसऱ्या फाउंड्रीला देणार,” एवढं सांगून ते निघून गेले.

आमचं निम्मं काम त्या एका पार्टवर चालायचं. आप्पासाहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी टेबलावर हात आपटला.

“दस्तगीरला काढतो. म्हातारा झालाय, थंड मेटल ओततोय, वाफ आतच अडकत्या. माणूस बदलला की विषय क्लोज.”

दस्तगीरचाचा आमचे लोखंड ओतणारे. याच फाउंड्रीत त्यांना मिसरूड फुटलं आणि इथंच दाढी पांढरी झाली. माझा स्वभाव आधीच फटकळ, त्यात हे ऐकून डोकं फिरलं.

“माणूस क्लोज केला म्हणून भोक क्लोज होत नाही आप्पासाहेब. मेटलचं टेंपरेचर मी रोज बघते. चाचांचं मेटल थंड नसतं.”

“मग ब्लोहोल कुठनं येत्यात? सांगा की.”

तेच तर मला सांगता येत नव्हतं.

“अमावस्या होऊ दे,” आप्पासाहेब म्हणाले. “पूजेचं मेटल त्योच ओततोय, वडलांच्या येळपासनं. त्येच्या म्होरं मात्र न्हाय.”

म्हणजे माझ्या हातात अमावस्येपर्यंतचे दिवस. मी वाळूच्या मागं लागले. वाळूत पाणी जास्त झालं की ब्लोहोल, हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं पुस्तक. सकाळ-दुपार वाळू तपासली. कुठंच काही नाही. चाचांच्या कानावर गेलंच होतं. एकदा जवळ येऊन म्हणाले, “ताई, जीवाला लावून घेऊ नका. आल्लाची मर्जी.” मला रडूच यायचं बाकी राहिलं.

अमावस्येची सकाळ. दर अमावस्येला भट्टीची पूजा असायची. ऑफिसातले, कारखान्यातले, सगळे भट्टीसमोर उभे राहायचे. मी नोकरीला लागल्यापासून प्रत्येक पूजेला हजर होते. आप्पासाहेबांनी नारळ हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, “जोतिबाच्या नावानं...” सगळ्यांनी “चांगभलं” म्हणून हात जोडले आणि डोळे मिटले.

एरवी मीही मिटायचे. त्या दिवशी नाही मिटले. देवावरच राग होता माझा. म्हटलं, इतक्या वर्षांच्या माणसाला आज घरी पाठवतोस आणि वर नमस्कार हवा होय तुला?

म्हणून मला दिसलं. आप्पासाहेबांनी नारळ फोडला. फुटका नारळ घेऊन ते साच्यांच्या पहिल्या रांगेत शिरले. प्रत्येक साच्याला मेटल ओतायला एक तोंड असतं, त्या तोंडात भक्तिभावानं थोडं थोडं नारळपाणी सोडत गेले. रांग संपली तसे मागं सरकले. “ओत दस्तगीर.” चाचांनी ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हटलं आणि त्याच साच्यांत वितळलेलं लोखंड ओतलं.

साच्यात पाणी, आणि तेही मालकाच्या हातानं! चारचौघांत बोलायची सोय नव्हती. साचे फोडल्यावर मी पहिल्या रांगेतल्या सगळ्या कास्टिंगवर रंगानं खूण केली. खुणेचं एक आणि बिनखुणेचं एक उचलून शेजारच्या वर्कशॉपात गेले, तिथं कास्टिंग घासायचा लेथ होता. बिनखुणेचं घासलं, स्वच्छ. खुणेचं घासलं आणि भोकं उघडी पडली. त्या लेथसमोर मी फुगडी घालायची तेवढी राहिले.

तशीच केबिनमध्ये गेले. “आप्पासाहेब, ब्लोहोल सापडला. तुमच्या नारळातनं येतोय.”

ते लालबुंद झाले. “त्ये देवाचं पाणी हाय मॅडम. माझ्या वडलांनी घातलेला पायंडा हाय. त्यांच्या येळला का आली न्हाय कंप्लेंट?”

“त्यांच्या वेळी आपण गटाराची झाकणं ओतत होतो. झाकणाच्या पोटात भोक आहे का, हे कोण कापून बघतंय?”

 “मला न्हाय पटत,” तरी ते म्हणालेच.

“मग चला शेजारी.”

खुणेची सगळी कास्टिंग लेथवर चढवली. एक घासलं, भोकं. दुसरं घासलं, भोकं.  दर महिन्याला हीच कास्टिंग बाकीच्या मालात मिसळून पुण्याला जायची, म्हणून कुणाला पत्ता लागत नव्हता.

“म्हंजे माझ्या हातनं?” त्यांचा आवाज पार उतरला होता.

“तुमच्या हातनं. पण आप्पासाहेब, पाणी देवाला पाहिजे. साच्याला कुठं पाहिजे?”

त्यांनी खुणेचा सगळा माल परत भट्टीत टाकायला लावला. चाचांना काढायचा विषय त्यांनी परत काढला नाही.

पुढच्या अमावस्येला आम्ही सगळे भट्टीसमोर जमलो. आप्पासाहेबांनी नारळ हातात घेतला, थांबले आणि चाचांपुढं धरला. “दस्तगीर, आज तू फोड.” पाणी खाली धरलेल्या तांब्यात गेलं आणि तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर आलं. पहिला तळहात चाचांचा. डोळे पुसायला मला तोंड फिरवावं लागलं.

त्यानंतरचा एकेक लॉट स्वच्छ गेला. काही महिन्यांनी देशपांडे साहेब आले, माल बघितला, पेन काढलं. “रूट कॉज काय लिहू?” रूट कॉज म्हणजे चुकीचं मूळ कारण. मी सावरून काहीतरी सांगणार, तेवढ्यात आप्पासाहेबच बोलले.

“लिवा की. मालक.”

देशपांडे साहेब आमच्या दोघांकडं बघत राहिले. मी सगळी हकीकत सांगितली तसे पोट धरून हसले. त्यांनी ‘साच्यात ओलावा’ असं लिहिलं आणि पेनचं टोपण लावत म्हणाले, “क्लोज.” त्या दिवशी त्यांनी चहा घेतला, दोन वेळा.

तेव्हापासून मी हाताखालच्या प्रत्येकाला दोन गोष्टी सांगत आले. क्लोज हा शब्द समोरच्याच्या तोंडून ऐकायचा असतो. आणि पूजेला क्वालिटीच्या माणसानं हात दोन्ही जोडावेत, डोळा मात्र एकच मिटावा.