बॉयलरवाल्याची वही

वाफमास्तर झोपेत ओरडतात, ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना कळून जुनी झाल्यावर मला कळली. ऑफिसात बसणाऱ्याचं असंच होतं. आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. सव्वीस वर्षं ते तिथला बॉयलर सांभाळतात आणि त्यांच्या तासातासाच्या नोंदींवर सकाळी मी सही करतो. वेळ, वाफेचा दाब, काचेतली पाण्याची पातळी. त्यांचा नियम एकच, आणि तो ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. आठवून लिहायचं नाही, अंदाजानं तर नाहीच.

एकदा दोन पाळ्या सलग करून ते विश्रांतीच्या खोलीत आडवे झाले आणि तासाभरात असे किंचाळले की पॅकिंगची माणसं हातातलं टाकून पळत आली.

"साहेब, भोंगा बिघडला तर घाबरू नका," फिटर मला म्हणाला, "यांना झोपवायचं, झालं."

सगळे हसले, मीही हसलो. वाफमास्तर हसले नाहीत.

घरी हे तीन वर्षं चाललं होतं. झोप लागून तास-दीड तास झाला की ते ताडकन उठून बसत. डोळे सताड उघडे, अंग घामानं थबथबलेलं. ओरडत, समोर येईल त्याला ढकलत, दाराकडे धावत. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा अंथरुणावर पडत, आणि सकाळी यातलं काही म्हणजे काही आठवत नसे.

"माझ्याच घरातली बातमी मला दुसऱ्याच्या तोंडून कळते, साहेब," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत बॉयलरला साधा ओरखडा नाही. कुणाशी वैर नाही. भ्यायला काहीतरी कारण तर पाहिजे ना?"

कारणं सांगणाऱ्यांचा तोटा नव्हता. शेजारी म्हणाला, रात्रीचं जेवण जड होतंय. न्हावी म्हणाला, डाव्या कुशीवर झोपू नका. त्यांच्या थोरल्या बहिणीनं पलंगाची दिशा बदलायला लावली. ते उपाशी झोपले, उजव्या कुशीवर झोपले, पलंग तीनदा फिरवला. पलंगाच्या पायांनी फरशीवर ओरखडे तेवढे उठले.

मग त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, डावं मनगट मोडलं. न्हाणीघरात पाय घसरला, असं त्या म्हणाल्या. लेकीला ते पटलं नाही. ती सरळ बापासमोर उभी राहिली. "बाबा, महिनाभर बघते. आणखी काही झालं तर आईला मी घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

त्या धास्तीनं ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता होतं, किती वेळ चालतं, आठवड्यातून किती रात्री? एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. महिनाभर नोंद ठेवा, डॉक्टर म्हणाले, बायकोला लिहायला सांगा. वही मी आखून दिली. तारीख, झोपल्याची वेळ, ओरडल्याची वेळ, किती मिनिटं, शेरा. पाच रकाने, लाल शाईच्या रेघा. खोटं कशाला बोलू, आखणी मला फार आवडली होती.

महिन्यानं ते वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी पानं उलटली. तीसपैकी अठ्ठावीस ओळींत एकच शेरा : शांत झोप.

"अहो, पेढे काढा!" मी म्हणालो.

"साहेब, ही एका बैठकीत भरलीय."

"कशावरून?"

"रात्री अर्धवट झोपेत लिहिलेलं अक्षर असं रांगेत बसत नाही. पोरं पाळी संपताना आठ तासांच्या नोंदी एकदम भरतात, त्या अशाच दिसतात. एक पेन, एक कल, एक दाब." त्यांनी बोट खाली सरकवलं. "आणि ही चौदा तारीख बघा. इथंही शांत झोप."

चौदाला दुसरा बॉयलरवाला तापानं पडला होता, म्हणून त्या रात्री बॉयलरवर हेच होते. त्या नोंदींवर सही माझी होती. तरी ती ओळ माझ्या नजरेतून सुटलीच होती.

संध्याकाळी त्यांनी मला बरोबर नेलं. एकट्यानं विचारायचा धीर होत नव्हता, असं मला वाटतं. वहिनींचा प्लास्टरमधला हात उशीवर ठेवलेला होता. मीच म्हणालो, "वहिनी, चौदा तारखेला हे कारखान्यात होते."

त्यांनी वहीतली ती ओळ बघितली. मग एकदम हसल्या. "मग त्या रात्री खरंच शांत झोप होती, भाऊजी. माझी."

हसता हसता त्यांचे डोळे भरले. "पोरगी या रविवारी वही बघणार. खरं लिहिलं तर ती मला नेणार. आणि यांना रात्री कोण धरणार?"

"धरणार म्हणजे?" वाफमास्तरांनी विचारलं. "अगं, हाताचं खरं सांग."

"कडी काढून जिन्याकडे निघाला होतात. मी दारात आडवी झाले."

वाफमास्तरांनी वही तिच्या पुढ्यात सरकवली, पेनाचं टोपण काढून दिलं. "आठवेल तेवढं लिही. वर लिही, आठवून लिहिलंय म्हणून. मग लेकीला दाखव."

"अहो, ती नेईल मला."

"नेऊ दे."

एकोणीस रात्री निघाल्या, बहुतेक बाराच्या आसपास. डॉक्टर म्हणाले, याला अर्थबिर्थ नसतो. मेंदू अर्धा जागा होतो, अर्धा झोपलेलाच राहतो. जागरण झालं की वाढतं. रोज ठरल्या वेळेच्या थोडं आधी कुणीतरी जागं करून बघा.

"म्हणजे कारण नाहीच?" बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं. कारण सापडेल या आशेवर ते इथवर आले होते.

लेक आईला घेऊन गेली. महिनाभर सगळं नीट राहिलं तर परत आणून सोडीन, म्हणाली. तेव्हापासून रोज रात्री पावणेबाराला वहिनी तिथून फोन करतात. "उठलात का?" "उठलो." एवढंच. वही आता ते स्वतः लिहितात आणि सकाळी कारखान्याच्या नोंदींबरोबर माझ्यापुढे ठेवतात. "फोन आला, उचलला. पुढचे पाहिले नाही." मी सही करतो. अशा सव्वीस ओळी झाल्या.

काल सत्ताविसावी होती. "फोन आला होता, उचलला नाही. सकाळी दाराची कडी उघडी. पुढचे पाहिले नाही."

"झोपताना कडी लावायची राहिली असेल," मी म्हणालो.

"लावली होती. लावताना पाहिलंय मी."

घरात दुसरं कुणी नव्हतं. ती ओळ लिहिली नसती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि रविवारी वहिनी घरी आल्या असत्या. मी पेन हातात धरून थांबलो, तशी त्यांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"करा सही, साहेब. कडी उघडी सापडली, आणि ती आडवी यायला दारात नव्हती. तेवढं बरं झालं."