बोटांवरची जकात

आबेदा बागवानच्या तोंडाला शब्द फुटण्याआधी तिचे हात बोलू लागले होते. वडील दादामियाँ शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात यंत्रावर होते. यंत्रांचा खडखडाट असा, की ऐकू येणारा माणूस तिथे महिन्याभरात चिडचिडा व्हायचा. दादामियाँ जन्मापासून बहिरे. मालकाला ते सोयीचे पडले आणि त्यांना मालक. आईलाही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, पोलीस चौकीत, जिथे दोन शब्द बोलायची वेळ येई तिथे परकरातली आबेदा मध्ये उभी राहायची. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. दुकानदार बापाला शिवी द्यायचा, तीही तशीच पोचवायची. एकदा तिने शिवी गाळली, तर दादामियाँनी दुकानदाराच्या ओठांवरून ती ओळखली आणि घरी आल्यावर लेकीला विचारलं, "माझ्या वाट्याचं तू का खाल्लंस?"

पुढे तोच तिचा व्यवसाय झाला. सांकेतिक भाषेची दुभाषी. दादामियाँ गेले, छापखाना बंद झाला, त्या जागी इमारत उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आबेदाने आपलं बस्तान बसवलं. वय बावन्न. एक टेबल, एक संगणक, मागे निळा पडदा, कारण निळ्यावर हात स्पष्ट दिसतात. बहिऱ्या माणसाला बँकेत, डॉक्टरकडे, वकिलाकडे काम असलं की तो व्हिडिओवर आबेदाला जोडून घ्यायचा. तो हातांनी बोलायचा, ती तोंडाने सांगायची. पलीकडचा तोंडाने बोलायचा, ती हातांनी सांगायची. लोक दिवसभर नोकरीला, त्यामुळे तिचं निम्मं काम संध्याकाळी सातनंतरचं.

आणि दिवाळीपासून नेमकं सातलाच बिघडायला लागलं.

आवाज खणखणीत यायचा, पण चित्र विरघळायचं. माणसाचा चेहरा थापल्यासारखा होई, पाच बोटांचं एक मडकं होई, हात वर जायचा तो एकदम खालीच दिसायचा. दहा वाजले की सगळं पुन्हा लख्ख. इमारतीत 'निर्झर' नावाच्या कंपनीचीच इंटरनेटची वायर होती. सोसायटीने त्यांच्याशी करार केला होता, दुसऱ्याला आत यायची बंदी. पेठेतल्या त्या बोळात मोबाइलची रेंज म्हणजे खिडकीबाहेर हात काढला तर एक काडी. आबेदा कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करायची आणि प्रत्येक वेळी एक गोड मुलगी तिला विचारायची, "मॅडम, आवाज येतोय ना?"

"आवाज येतोय. हात येत नाहीत."

"आवाज येतोय म्हणजे लाइन ओके आहे, मॅडम. आणखी काही मदत करू शकते?"

शेजारच्या घरात त्याच वेळी, त्याच वायरवर, निर्झरच्याच 'रंगशाळा' ॲपवर मालिका चाललेली असे. नायिकेच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ.

योगेश वानखेडेची मुलाखत या सगळ्यात सापडली. योगेश वाशीमकडचा, जन्मापासून बहिरा, हडपसरपुढच्या मांजरीला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. सॉफ्टवेअर बाजारात जाण्यापूर्वी ते तपासायचं काम त्याने दोन वर्षं केलं होतं; ती कंपनी बुडाली. आता खराडीच्या एका कंपनीने बोलावलं होतं, तेही व्हिडिओवर, कारण तिथला मोठा साहेब लंडनला बसायचा. वेळ संध्याकाळी सातची. योगेश त्याच्या मोबाइलवर, साहेब आणि मनुष्यबळ विभागाची ऋतुजा त्यांच्या त्यांच्या घरी, आणि मध्ये आबेदा.

सुरुवात बरी झाली. मग ऋतुजाने विचारलं, "पैसे पाठवायच्या ॲपचं टेस्टिंग केलंय का त्याने कधी?"

सांकेतिक भाषेत झालेलं आणि व्हायचं यांत फरक असतो तो हाताच्या दिशेचा. झालेलं खांद्यावरून मागे टाकतात, व्हायचं पुढे ढकलतात. आबेदाच्या पडद्यावर योगेशचा हात खांद्यापर्यंत आला, तिथेच थिजला आणि पुढच्या क्षणी तो छातीपुढे, दोन बोटं दाखवताना दिसला. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारायला हात उचलला तेव्हा ऋतुजा म्हणाली, "मॅम, आमच्याकडे आवाज एकदम क्लिअर आहे. वेळ कमी आहे, प्लीज."

जे दिसलं ते आबेदाने सांगितलं. "पुढची दोन वर्षं हे काम करायची त्याची तयारी आहे."

"ओके," ऋतुजा म्हणाली.

योगेशला आबेदाचं वाक्य ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो हसून मान डोलावत राहिला.

दोन दिवसांनी त्याला मेल आली. अर्जात दोन वर्षांचा अनुभव लिहिला आहे, मुलाखतीत मात्र उमेदवाराने तसा अनुभव नसल्याचं सूचित केलं. सबब निवड करता येत नाही. योगेशने ती आबेदाला पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, मी खोटं कधी बोललो?"

आबेदाने ते वाचलं आणि चहाचा कप न पिता खाली ठेवला. आयुष्यात तिने शिव्या पोचवल्या होत्या, नकार पोचवले होते, डॉक्टरने सांगितलेली मरणं पोचवली होती. न बोललेलं कधी पोचवलं नव्हतं.

तिने आधी ऋतुजाला फोन केला. "चूक माझ्याकडून झाली, त्याच्याकडून नाही. त्याने काम केलेलं आहे. मला हात दिसला नाही."

ऋतुजा मुलगी वाईट नव्हती. "पॅनलला विचारते, मॅम. सर सुट्टीवर आहेत, तीन आठवड्यांनी बघू. पण वेळ तीच असेल, सातची. आणि कनेक्शन जरा नीट घ्या हं या वेळी."

मग तिने रणजितला बोलावलं. रणजित हा निर्झरचा पेठेतला माणूस. वायर टाकण्यापासून वसुलीपर्यंत सगळं त्याच्याकडे. तिशीतला, गळ्यात कंपनीचा पट्टा, बोलणं तुपातलं.

"ताई, लाइनमध्ये फॉल्ट नाहीये," तो मोबाइल पाहत म्हणाला. "संध्याकाळी गर्दी असते ना. म्हणून कंपनीने सिस्टीम लावली आहे. कॉलमध्ये आवाज आधी जातो, चित्र मागनं. बोलण्यासाठी आवाज महत्त्वाचा, चित्र काय, शोभेचं."

"असं कोणी ठरवलं?"

"वरनं ठरतं ते."

"वर म्हणजे? गच्चीवर डबा आहे तुमचा, त्याने?"

रणजित हसला. "ताई, तुम्ही पण ना."

"आणि शेजारी मालिका चालते, तिथे चित्र शोभेचं नाही का?"

"रंगशाळा आपलीच आहे हो. ती बाहेरून येत नाही, आपल्या आतल्या रस्त्याने येते. तुमचे कॉल दुसऱ्या कंपन्यांचे. ते आपल्या वायरवरून फुकट जातात."

"फुकट कसे? महिन्याच्या महिन्याला मी काय देते तुम्हाला, आशीर्वाद?"

त्यावर रणजितने आवाज खाली आणला, आपल्या माणसाला आतली गोष्ट सांगावी तसा. "असं करा ताई, बिझनेस प्लॅन घ्या. दुप्पट पडतो, पण त्यात कॉलचं चित्र मोकळं सोडतात. दहा मिनिटांत होईल."

"नवीन वायर टाकाल?"

"वायर कशाला? हीच."

"मोठा डबा?"

"डबाही हाच. तिकडे ऑफिसात फक्त एक खूण करायची असते."

आबेदाला तेव्हा खरी शिसारी आली. इतके दिवस तिला वाटत होतं की रस्ता अरुंद आहे. रस्ता पुरेसा रुंद होता. त्यावर नाका बसवला होता. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके असत आणि छापखान्याच्या कागदाचा टेम्पो तिथे अडकला की दादामियाँ दिवसभर यंत्रापाशी रिकामे बसून राहत, ते तिने पाहिलेलं होतं. पण त्या जकातीची पावती मिळे, दर फळ्यावर लिहिलेले असत आणि नाकेदाराचं स्वतःचं कागदाचं दुकान नसे. इथे नाका ज्याचा, त्याचाच माल आत फुकट सुटत होता आणि दुसऱ्यांच्या मालाची चाकं काढून ठेवली जात होती. वर हिशेब असा सरळ, की रस्ता रुंद करायला खर्च येतो आणि अडवणूक विकायला काहीच येत नाही. गर्दी जितकी जास्त, तितका महागडा प्लॅन खपणार. असा धंदा ज्याला सापडला तो गर्दी कशाला कमी करील?

नियम नव्हता असं नाही. आपल्या देशात नियम आहे की इंटरनेट वाहून नेणाऱ्याने आत काय आहे, कुणाचं आहे, हे पाहून डावं-उजवं करायचं नाही. आबेदाने तो शोधून वाचला आणि कंपनीला लेखी तक्रार केली. उत्तर आलं की नियमातच वाजवी वाहतूक-व्यवस्थापनाला मुभा आहे आणि आमचं व्यवस्थापन वाजवी आहे. ते वाजवी आहे हे कुणी ठरवलं, तर कंपनीने. तिने दिल्लीला, या कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला लिहिलं. तिकडून कळलं की एकेका ग्राहकाची तक्रार तिथे हाताळत नाहीत. आपली तक्रार योग्य कार्यवाहीसाठी संबंधित कंपनीकडे पाठवली आहे. म्हणजे तक्रार शनिवार पेठेतून दिल्लीला जाऊन परत रणजितच्या कचेरीत आली. तिच्या ओळखीचा भवानी पेठेतला खालिद, शिवणकाम करणारा, त्यानेही निर्झरकडे तक्रार केली होती. त्याची तक्रार बंद झाली. कारण दिलं होतं: ग्राहकाने फोनवर प्रतिसाद दिला नाही. खालिद जन्मापासून बहिरा आहे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की इथे हात दाबले होते.

तीन आठवडे झाले. ऋतुजाची मेल आली: सोमवारी, सात वाजता. मांजरीला जाऊन योगेशशेजारी बसावं असं आबेदाच्या मनात आलं, पण त्याच सोमवारी आठ वाजता एका बाईच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर बोलणार होते. ते काम आधीच घेतलेलं, आणि मांजरीहून पेठेत तासाभरात परत येणं म्हणजे हडपसरच्या गर्दीची थट्टाच. रविवारी दुपारी ती बराच वेळ संगणकासमोर बसून राहिली. पैसे भरायचे नाहीत असं तिने रणजितला ठणकावून सांगितलं होतं. ते तत्त्व तिचं होतं. नोकरी योगेशची होती. आपल्या तत्त्वासाठी दुसऱ्याची नोकरी डावावर लावणारी माणसं तिने टेबलापलीकडे खूप पाहिली होती, आणि ती तिला कधी आवडली नव्हती.

तिने प्लॅन घेतला. रणजितने दहा मिनिटं सांगितली होती, सातच लागली. मग ती मोरीत गेली आणि साबण लावून हात धुतले.

सोमवारी योगेश पडद्यावर आला तो इतका स्वच्छ, की त्याच्या अंगठ्यावरचा बारीक तीळ दिसत होता. त्याने हात खांद्यावरून मागे टाकला, दोन बोटं दाखवली आणि आबेदा म्हणाली, "दोन वर्षं केलंय. पैसे दोनदा कापले जाण्याची चूक याने तीन वेळा पकडली आहे." लंडनच्या साहेबाने ती चूक कशी पकडली ते विचारलं. पुढची वीस मिनिटं योगेशचे हात थांबले नाहीत. आबेदाचा घसा कोरडा पडला. काम उत्तम झालं, आणि तेच तिला सहन होईना. ही वायर, हा डबा, ही वेळ, सगळं पूर्वीचंच होतं. मग त्या दिवशीही एवढंच स्वच्छ दिसू शकलं असतं. कुणीतरी दिसू दिलं नव्हतं.

योगेशला नोकरी लागली.

रुजू होण्याच्या आधी तो पेढे घेऊन आला. बसल्या बसल्या त्याने विचारलं, पहिल्यांदा काय झालं होतं. आबेदाने सगळं सांगितलं. आपण काय बोललो तेही, शब्द न बदलता.  योगेशने हात उचलले. "तुझ्यावर राग नाही. पण त्या लोकांत तीन आठवडे मी खोटारडा होतो. ते कुठल्या प्लॅनमध्ये भरून मिळतं?"

 तेवढ्यात दार वाजलं. रणजित होता. महिना भरत आला होता, प्लॅन पुढे चालू ठेवायचा का, ते विचारायला आला होता. पेढ्यांचा डबा पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, हेच का ते? झालं ना काम? म्हटलं होतं मी ताईंना. आता तुमच्या ग्रुपमध्ये पण सांगा ना ताई. पाच-सात जणांनी घेतला तर तुम्हाला एक महिना सवलत देतो."

योगेशने त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावरचं नाव वाचलं. डबा पुढे केला. रणजितने हात घातला तसा तो अलगद मागे घेतला आणि डब्यावर झाकण ठेवून, मोकळ्या हातांनी काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" रणजितने विचारलं.

"तो म्हणतोय," आबेदा म्हणाली, "पेढ्याचा वास येतोय ना? मग लाइन ओके आहे. पेढा हवा असेल तर वेगळा प्लॅन घ्यावा लागेल."

रणजित हसला. थट्टा आहे असं समजून तो थोडा वेळ हात पुढे धरून उभा राहिला. योगेश हसत नव्हता. आबेदाही नाही. मग रणजितने हात खिशात घातला आणि जिना उतरताना म्हणाला, "बरं, चालू ठेवायचं का तेवढं कळवा, उद्या बंद होईल."

योगेशने विचारलं, "बंद करणार?"

आबेदाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. उद्या संध्याकाळी सातला खालिदच्या बायकोला डॉक्टर तपासणार होते आणि व्हिडिओवर मध्ये आबेदा असणार होती; सातवा महिना चालू होता. तिने रणजितला हाक मारून थांबवलं नाही. योगेश गेल्यावर मात्र संगणक उघडला आणि पुढच्या महिन्याचे पैसे भरले.