याकूबभाईंची टाकी आणि माझं फिनेल

सतरा वर्षांची असताना मी आमच्या संडासाच्या टाकीत रोज एक तांब्या फिनेल ओतत असे. सलग पाच महिने. ओता असं कुणी सांगितलं नव्हतं, उलट ओतू नका म्हणून बजावलं होतं. पण मी सातवी पास होते आणि बजावणारा गवंडी होता. एवढ्यावरून माझी तेव्हाची अक्कल वाचकांच्या ध्यानात यावी. ते गवंडी, याकूबभाई, गेल्या महिन्यात गेले. बातमी आणली ती टाकी उपसायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं. आमच्या भागात गटार अजून यायचंच आहे. 'यंदा येतंय' हे मी पन्नास वर्षं ऐकते आहे, आता विचारायचाही कंटाळा येतो. तर त्यानं झाकण सरकवलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "आजी, कोपरे गोल केलेत. याकूबचाचांच्या हातची टाकी ही. गेले ना ते, मंगळवारी..." आणि नळी आत सोडली. इंजिनाच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. मी पायरीवर बसून राहिले.

सन छत्तीस-सदतीसच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रस्त्याला तेव्हा घरं कमी आणि पेरूचे मळे जास्त. घरोघरी टोपलीचे संडास. मागच्या बोळातून रखमाबाई यायची, टोपली डोक्यावर घेऊन जायची, आणि आम्ही सगळ्या नाकाला पदर लावून दुसरीकडे बघायचो. जणू तो माल तिचाच होता. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते सहन होईना. गटार नसलेल्या भागात घरची टाकी बांधायला म्युनिसिपालिटी परवानगी देऊ लागली होती. नकाशा मंजूर करून घ्यायचा, यादीत नाव असलेल्या गवंड्याकडूनच बांधायची, आणि पावसाळ्यात इन्स्पेक्टर येऊन बघणार. टाकी नीट चालली तर परवाना कायम, नाहीतर पुन्हा टोपली. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लोक घराच्या पोटात धान्य साठवतात. आपण हे साठवा!" पण मामंजी हलले नाहीत. रखमाबाईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, एक घर सुटलं."

याकूबभाई तेव्हा पंचविशीचे असतील. यादीत त्यांचं नाव नवंच चढलेलं. आमची टाकी ही आमच्या आळीतली पहिली, त्यामुळे सगळी आळी बघायला. शेजारच्या दामूअण्णांनी आणि पलीकडच्या मास्तरांनी सांगूनच ठेवलं होतं, ही चालली की आमची घ्या. त्यामुळे याकूबभाईंनी जीव ओतला. कोपऱ्यात घाण अडकते म्हणून कोपरे गोल केले, आणि गिलावा असा घोटला की मला त्यात कुंकू लावायला तोंड दिसलं असतं. शेवटी कुठल्याशा जुन्या टाकीतला गाळ बादलीभर आणून आत सोडला. मी दारातून विचारलं, "याकूबभाई, नव्याकोऱ्या टाकीत घाण कशाला?" ते म्हणाले, "वहिनी, विरजण आहे हे. आत मी माणसं कामाला लावलीत, दिसत नाहीत एवढंच. ती सगळं खाऊन पाणी करतात. फक्त औषध, फिनेल काही टाकू नका, मरतील बिचारी."

आता आरोग्यशास्त्राचा धडा मला तोंडपाठ. जंतू हे रोगाचं मूळ, त्यांचा नाश करावा! आणि हा माणूस जंतू पाळायला सांगतो. मी आत येऊन नणंदेपाशी पोट धरून हसले. माझा भाऊ इगतपुरीला रेल्वेत होता. इतरांचे भाऊ येताना पेढे आणत, माझा फिनेलचा डबा आणायचा, कारण मीच पत्रातून मागवायची. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तांब्याभर ओतायचं आणि दिवसभर त्या वासानं फुगायचं. सासूबाई म्हणायच्या, "सून स्वच्छ आहे हो, संडास कसा दवाखान्यासारखा वास मारतो!" माझी मान इतकी ताठ व्हायची की अंबाडा मागे पडायचा.

श्रावणात टाकी वर आली. आतलं काही जिरलंच नव्हतं, तसंच्या तसं साचून पाणी जमिनीत मुरवायच्या शोषखड्ड्यात गेलं, खड्डा तुंबला आणि सगळं दामूअण्णांच्या अंगणात. त्यांच्याकडे त्या दिवशी सवाष्ण जेवायला होती. पुढचं काय सांगू... तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर वही घेऊन हजर, याकूबभाईंनाही बोलावलेलं. इन्स्पेक्टर म्हणाले, काळी माती, खड्डा उथळ काढलाय, बांधकाम कच्चं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? वर आलेलं दिसतं, आत ओतलेलं दिसत नाही. याकूबभाई टाकीच्या तोंडाशी वाकले, क्षणभर तसेच राहिले, मग उठून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात मी. मी मान खाली घातली आणि पोह्यांतले खडे निवडू लागले. पोहे त्या सकाळी दोनदा निवडून झाले होते. याकूबभाई म्हणाले, "साहेब, माझ्या कामात खोट असेल तर बघतो. मुदत द्या."

मग त्यांनी भावाला घेऊन टाकी स्वतः उपसली, खड्डा पुन्हा खणला. मी खिडकीतून बघत होते. रोज ठरवायची, आज मामंजींना सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. हरतालिका आली, सासूबाईंचं डोकं दुखलं, माझंच डोकं दुखलं. डबा तेवढा मी गुपचूप पेरूच्या मळ्यात पुरला. दामूअण्णांनी दुसरा गवंडी बघितला. मास्तर म्हणाले, आमची टोपलीच बरी. आणि एके दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, "याकूबचं नाव यादीतून काढलं. आता टाक्या बांधायला नाही मिळायच्या त्याला. वाईट वाटतं. हात चांगला होता, या वेळी बिघडला."

'हात बिघडला' एवढं ऐकलं. मी वाढायला उभी होते की बसले होते तेही आठवत नाही, पण सगळं बोलून गेले. फिनेल, तांब्या, इगतपुरी, मळा. मामंजींनी हात धुतला. म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल."

"सुनेला कचेरीत नेणार?" सासूबाई ओरडल्या. "पुरुषांसमोर संडासाच्या गोष्टी सांगायला?"

"ओतताना तिला लाज वाटली नाही, सांगताना कशाला वाटेल?"

कचेरीतला प्रसंग मी नंतर लग्नामुंजीत इतक्या वेळा रंगवून सांगितला आहे की आता खरं कुठलं आणि पदरचं कुठलं ते मलाच कळत नाही. इन्स्पेक्टरांनी विचारलं, किती ओतलंत? मी म्हटलं, रोज एक तांब्या. कशासाठी? जंतू मरावेत म्हणून. ते म्हणाले, "मेले हो बाई, सगळे मेले, एकही वाचला नाही," आणि सगळी कचेरी हसली. नाव परत यादीत चढलं. पुढच्या परवान्यांवर लाल शाईत ओळ येऊ लागली, टाकीत फिनेल घालू नये. आळीतल्या बायका त्या ओळीला 'हिचा कायदा' म्हणायच्या. इथे ऐकणारे हसतात, मीही हसते, आणि गोष्ट संपते.

याकूबभाई त्यानंतर जन्मभर आले. पावसाळ्याआधी यायचे, झाकण उचलून बांबू आत सोडायचे, गाळ किती चढला ते बघायचे, थोडा मागे ठेवून बाकीचा काढवून घ्यायचे. पुढे केस पांढरे झाले, मग मुलगा झाकण उचलायचा आणि ते नुसते बघायचे. चहा मीच द्यायची. त्यांचा कप वेगळा होता, मागच्या कोनाड्यात. तो कप तिथून कधी गेला ते आठवत नाही. फुटला असेल. मी तो उचलून घरातल्या कपांत ठेवला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं... गेल्या उन्हाळ्यात शेवटचे आले तेव्हा खुर्चीवर बसूनच म्हणाले, "वहिनी, आता आपल्या दोघांच्याही गुडघ्यांना झाकण उचलवत नाही." त्या एवढ्या वर्षांत फिनेलचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी गोष्ट रंगवत असताना समोर असले तर मात्र ते चहा खाली ठेवायचे आणि मळ्याकडे बघत बसायचे.

कारण गोष्ट कचेरीत संपली नव्हती, आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता ठाऊक असणारी मी एकटीच उरले, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरून आम्ही बाहेर आलो. मामंजी टांगा बघायला पुढे गेले. याकूबभाईंनाही कचेरीतून बोलावणं गेलं होतं, ते लिंबाखाली उभे होते. माझी छाती फुगलेली. भर कचेरीत सतरा वर्षांच्या सुनेनं खरं बोलायचं म्हणजे काय थट्टा आहे? मला वाटलं, आता हे हात जोडतील, उपकार मानतील. मी तर 'असू दे, असू दे' हे तोंडात तयारच ठेवलं होतं. ते जवळ आले, मामंजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले:

"वहिनी, वास मला त्याच दिवशी आला होता. म्हटलं, आपण चूप राहू, वहिनी स्वतः सांगतील. बावीस दिवस रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील. पुढच्या वेळी जरा लवकर सांगा."