चालू इंजिन

चाकणच्या बसमध्ये ते काका रोज ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि इंजिनच्या झाकणावर तळवा टेकवायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

"काका, ताप हाय का गाडीला?" ड्रायव्हर चिडवायचा.

"नाय रे, ठणठणीत आहे."

पूर्वी ते एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या इंजिनावर कामाला होते. ते जहाज भंगारात गेल्याचं त्यांनीच एकदा सांगितलं.

"बंद पडलं होतं का?" मी बिचकत विचारलं. मी मेकॅनिकलला आहे. बंद पडलेलंच यंत्र मोडीत जातं, असं मला वाटायचं.

"बंद पडलेलं किनाऱ्यावर चढेल कसं? महिनाभर आम्हीच इंजिन नीट केलं. मग भरतीच्या वेळी फुल स्पीडनं चिखलात घातलं, तोडायला."

मी झाकणावरच्या त्यांच्या तळव्याकडे पाहिलं.

"एकदाही अडखळलं नाही," ते हळूच म्हणाले. "रुतलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण."